काजूवरून न पडलेला मुलगा

माझा मुलगा काजूच्या झाडावरून कधीच पडला नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि तेही डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं म्हणून.

झालं होतं असं की पोराची एक गोटी जन्मापासून वरच, पोटात अडकून राहिली होती. चार वर्षांचा झाला तरी उतरेना, तेव्हा रत्नागिरीत ऑपरेशन करून ती जागेवर आणली. आमचे हे मुंबईहून आले, कागदावर सही केली आणि चार दिवसांनी परत गेले. गावाला काय सांगायचं ते माझ्यावर. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, म्हणजे अक्कल बेताची आणि घमेंड भरपूर. मला वाटलं, हे कळलं तर उद्या ह्याला मुलगी कोण देईल? पोराला अजून स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता, आणि मी त्याचं लग्न मोडायच्या काळजीत!

म्हणून ठोकून दिलं: जाऊबाईंच्या परड्यातल्या काजूवरून पडला, जांघेत फांदी लागली, टाके घालावे लागले. जाऊबाई धावतच आल्या. "बाय माजे, माझ्याच झाडानं घात केला गो!" दुसऱ्या दिवशी त्यांनी गडी लावून ती खालची फांदी तोडून टाकली. पुढे दर उन्हाळ्यात पोरासाठी ओले काजूगर सोलून आणायच्या. निम्मे मीच खायचे. दवाखान्याचे कागद मी चुलीत घातले. आणि गोष्ट इतक्या वेळा सांगितली की फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा मला आठवायला लागला. पोराला तर तो आपला पराक्रमच वाटे.

पुढे त्याचं लग्न झालं. सून पाली गावची, तोंडाची फटकळ, मनाची निर्मळ. तीन वर्षं गेली तरी पाळणा हलेना. सुनेच्या तपासण्या दोनदा झाल्या, सगळं ठीक निघालं. तरी शेजारणी बघायच्या तिच्याकडेच. आणि मी काय करायचे? तिला रोज दुधातून शतावरी द्यायचे. मुलाचा तो व्रण डोळ्यांसमोर यायचा, तो शतावरीबरोबरच ढवळून टाकायचे.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवऱ्याला घेऊन या. मीही गेले. सुनेतच काही निघेल, अशी आशा होती, खोटं कशाला बोलू? बाईंनी मुलाला पडद्याआड तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं,

"लहानपणी ऑपरेशन झालंय ना?"

"छे हो. काजूवरून पडलो होतो."

"काजूची फांदी काय पट्टी लावून रेघ मारते? इतका सरळ व्रण?"

"आई, सांग ना ह्यांना, कसा पडलो ते!"

सून माझ्याकडे बघत होती.

"नाही रे पडलास तू," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

बाईंना माझ्या रडगाण्यात रस नव्हता. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "एका बाजूचं होतं की दोन्ही? आणि वय काय होतं?"

"एकच. उजवीकडची. चार पुरी झाली होती."

"एकच ना? मग लगेच घाबरू नका. दुसरी पहिल्यापासून जागेवर असली की बहुतेकांना मुलं होतात. ह्यांचीही तपासणी करू, मग कळेल. पण काकू, हे आधी सांगितलं असतंत तर ती तपासणी मी पहिल्याच दिवशी केली असती. हिला उगाच फिरवलं."

रिपोर्ट आला: शुक्राणूंचं प्रमाण थोडं कमी, पण आशा ठेवण्याजोगं. सव्वा वर्षानं नात झाली. आता ती माझा चष्मा पळवते आणि वर मलाच शोधायला लावते.

पण त्या दिवशी ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मुलगा तडक रिक्षा बघायला रस्त्यापर्यंत गेला. सून आणि मी पायरीवर उभ्या. म्हटलं, "बोल गो मला, काय बोलायचं ते." तिनं ओढणी सारखी केली, रस्त्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली,

"आई, बोलायचं ते घरी गेल्यावर बोलेनच. पण आणखी काही लपवलेलं असेल तर आत्ताच सांगा, रिक्षा यायला वेळ आहे."