रस्त्याची डावी बाजू

३ एप्रिल २०२३ रोजी विष्णू तासगावकर याने इंग्लंडमधल्या एका छोट्या टूर कंपनीला दोन हजार तीनशे अठरा डॉलर भरले. सप्टेंबरमध्ये सहा दिवसांची सायकल सहल होती. श्रॉपशायर परगण्यातल्या श्रूजबरी गावातून निघायचं, मच वेनलॉकवरून कॉर्व्ह नदीच्या खोऱ्यात उतरायचं, लडलोला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या वाटेने परतायचं. सायकल तिथेच भाड्याने मिळणार होती. सामान कंपनीची गाडी पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवणार होती.

आम्ही राहतो ते गावही श्रूजबरीच, पण मॅसॅच्युसेट्समधलं. त्यामुळे इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना चेष्टेला विषय मिळाला.

"श्रूजबरीहून श्रूजबरीला जायला तेवीसशे डॉलर?" प्रसाद म्हणाला. "यार, मी तुला घराबाहेर काढतो आणि परत आत घेतो. फुकट!"

पुण्याच्या सीमाकाकू म्हणाल्या, "येताना बिस्किटं आणा हो."

"बिस्किटं पुण्यालाच मिळतात, काकू," विष्णू म्हणाला. "तिथे नुसतं नाव आहे."

विष्णू मूळचा सांगलीचा. तासाच्या भाड्याने सायकल आणून, नळीखालून पाय घालून तो चालवायला शिकला. डिप्लोमा झाल्यावर १९८९ साली इकडे आला. नंतर सगळी वर्षं त्याने वूस्टरजवळच्या एका कारखान्यात काढली. दवाखान्यात लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या तिथे होतात. त्या तपासून चांगल्या-वाईट वेगळ्या करणं हे त्याचं काम. ते उभ्याने करायचं असे. बढती दोनदा मिळाली, तिसऱ्यांदा मिळाली नाही. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

एकदा कारखान्याने त्याला तीन आठवडे इंग्लंडला, श्रॉपशायरमध्येच पाठवलं होतं. रोज टॅक्सीने हॉटेल ते कारखाना. खिडकीतून त्याने ते रस्ते पाहिले: एक गाडी जेमतेम मावेल एवढे अरुंद, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झाडांचं कुंपण, मध्येच फाटक आणि फाटकातून दिसणारी मेंढरं. चढ आहेत, पण दम लागेल असे नाहीत. त्या रस्त्यांवर सायकल चालवायला मिळाली नाही, हे त्याच्या मनात राहून गेलं.

साठी जवळ आल्यावर त्याने तळघरात सायकल स्टँडवर पक्की बसवली आणि समोर टीव्ही लावला. इंग्लंडमधला कुणी सायकलस्वार हँडलला कॅमेरा बांधून त्या रस्त्यांची चित्रफीत काढतो आणि इंटरनेटवर टाकतो. ती लावायची आणि जागच्या जागी पॅडल मारायचं. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बाहेर सायकल चालवता येत नाही. असे चार हिवाळे त्याने तळघरात श्रॉपशायरमध्ये काढले. पडद्यावर समोरून ट्रॅक्टर आला की तो डावीकडे अंग चोरायचा. मेंढरं आली की घंटी वाजवायचा.

त्याची बायको गिरिजा जिन्यावरून हाक मारायची, "अहो, पोचलात का विलायतेला? येताना कोथिंबीर आणा."

"वळण संपू दे," तो खालून ओरडायचा.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ऊन पडलं. सकाळी साडेसहाला विष्णूने सायकल तळघरातून वर काढली, हवा भरली, हेल्मेट घातलं आणि तो निघाला. गल्ली रिकामी होती. मोठ्या रस्त्याला लागून तो पहिल्या वळणापर्यंत गेला. वळणावर समोरून येणारी गाडी त्याला धडकली.

गाडी केया चालवत होती. केया म्हणजे आमच्याच गावातल्या राजीव आणि रुपालीची मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. रात्रपाळी करून घरी चालली होती. सूर्य समोर होता. तिनेच पोलिसांना फोन केला आणि ते येईपर्यंत विष्णूच्या मांडीला स्वतःचा पट्टा आवळून धरला. पोलिसांना तिने एवढंच सांगितलं, "आय डिडन्ट सी हिम." पुन्हा पुन्हा तेच.

डॉक्टरांनी विष्णूचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

धक्क्याने सायकल आणि माणूस दोन्ही रस्त्याच्या मधोमध येऊन पडले होते. कॅमेरा नव्हता. साक्षीदार नव्हता. वकिलाने गिरिजाला समजावून सांगितलं की सगळं एका गोष्टीवर ठरेल. विष्णू नेहमीसारखा उजव्या कडेने चालला असेल, तर मुलीची गाडी तिच्या बाजूवरून याच्या बाजूला घुसली असं होतं. मग तिच्या विम्याकडून मोठी रक्कम मिळेल आणि मुलीवर निष्काळजीपणाचा खटला चालेल. तो खटला चालला तर तिला नर्सचं लायसन्स मिळणं कठीण. विष्णू डाव्या कडेने, म्हणजे इथल्या नियमाने उलट्या बाजूने चालला असेल, तर मुलगी सुटेल. याला काही मिळणार नाही.

शुद्धीवर आल्यावर विष्णूने पोलीस अधिकाऱ्याला सांगितलं, "आय वॉज ऑन द लेफ्ट."

"डावीकडे का?"

"मला वाटलं मी इंग्लंडमध्ये आहे."

अधिकाऱ्याने सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं आणि वही मिटली. तुम्ही गुंगीच्या औषधावर आहात, असा जबाब धरता येत नाही, मी गुरुवारी पुन्हा येतो, असं सांगून तो गेला.

गुरुवारपर्यंत गिरिजा खाटेजवळून हलली नाही. मी डबा घेऊन जायचो तेव्हा माझ्यासमोरही बोलणं थांबत नसे.

"आठवत नाही म्हणा," ती म्हणाली. "डोक्याला मार लागलाय. कोण विचारणार आहे?"

"पण आठवतंय ना."

"मग विसरा."

"गिरिजा, कुंपण माझ्या डाव्या हाताला होतं. तिथे कुंपण नाही, टपालपेट्या आहेत, हे मला कळायच्या आत गाडी आली. ती तिच्या बाजूने येत होती. ती पोर कोर्टात उभी राहील."

"आणि मी? मी कुठे उभी राहू?" ती माझ्याकडे वळली. "कुमारभावजी, तुम्ही सांगा यांना. तुम्ही हिशेबातले आहात. घराचे हप्ते आहेत. यांना उभ्याने काम करायचंय. कोण ठेवणार आहे?"

मी रकमा जाणत होतो. तिचं म्हणणं खरं होतं, तेवढं मी सांगितलं.

"मी नाही कुठे म्हणतोय?" विष्णू म्हणाला. "पैसे लागणारच आहेत. पण ते तिच्याकडून कसे घेऊ?"

"तिच्याकडून नाही हो, विम्याकडून!"

"तेच ते."

गुरुवारी अधिकारी आला. विष्णूने तेच सांगितलं. अधिकाऱ्याला पटेना. चौतीस वर्षं अमेरिकेत राहिलेला माणूस, गाडी चालवणारा, एका सकाळी बाजू कशी विसरेल? विष्णूने तळघरातल्या टीव्हीबद्दल सांगितलं आणि मराठीत बायकोला म्हणाला, "यांना दाखव ना जरा."

गिरिजाने पर्स उचलली आणि ती निघाली. गाडी मी चालवली, अधिकारी मागून आला. तळघरात रिकामा स्टँड होता. रिमोट घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. टीव्ही बिघडलाय म्हणाली असती तरी चाललं असतं. मग तिने बटण दाबलं.

ओला रस्ता आला. कुंपणाची पानं डाव्या हँडलला घासत होती. उजवीकडून एक लाल मोटार हळूच गेली. अधिकाऱ्याने वळण संपेपर्यंत पाहिलं.

"हाउ मेनी अवर्स?" त्याने विचारलं.

"फोर विंटर्स," गिरिजा म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

केयावर खटला झाला नाही. विम्याने दावा नाकारला. कारखान्याने विष्णूला डिसेंबरपर्यंत सांभाळलं आणि मग कामावरून काढल्याचं पत्र दिलं. पुढच्या उन्हाळ्यात घर विकावं लागलं. आता दोघं वूस्टरमध्ये दोन खोल्यांत राहतात. गिरिजा एका इंडियन ग्रोसरीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. घरी आली की विष्णूच्या पायाचं ड्रेसिंग करते, ताट वाढते. हाक मारणं तिने सोडलं आहे. "जेवण झालंय," एवढं म्हणते. तो खिडकीशी बसतो. कृत्रिम पाय नीट बसत नाही. जखम चिघळते, म्हणून तो बहुतेक वेळ काढून भिंतीला टेकवलेला असतो.

केया पास झाली, नोकरीला लागली. एकदा मी तिथे असताना ती आली. विष्णूने तिला गाडीचं काय नुकसान झालं विचारलं.

"काका, प्लीज. स्टॉप."

"चूक माझी होती. विमा किती देतो आणि किती आपल्या खिशातून जातं, मला माहीत आहे. आकडा सांग."

ती रडायला लागली. गिरिजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांग गं. सांगितल्याशिवाय ते सोडणार नाहीत."

उजव्या बाजूचा आरसा बदलायला दोनशे चौदा डॉलर झाले होते. विष्णूने हप्ते ठरवले. आतापर्यंत एकशे पन्नास दिले आहेत. चौसष्ट डॉलर द्यायचे आहेत.