पेणकर की बिनकर

चौतीस वर्षांच्या नोकरीत हरवलेल्या माणसांच्या तक्रारी पुष्कळ घेतल्या. त्यातली एक मात्र अजून डोक्यातून जात नाही.

निवृत्तीला सहा दिवस उरले होते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोलीस ठाण्यात एक म्हातारी बाई आली. मुलगा सौदीत, यान्बूला एसी दुरुस्तीच्या कामावर. महिनाभर त्याचा फोन नाही. मी स्वतः तिचा जबाब घेतला. मुलाचं नाव युसूफ पेणकर. वय बत्तीस, वडिलांचं नाव, उंची, रंग. ओळखीची खूण विचारली तर म्हणाली, "डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नाही. लहानपणी होडीच्या इंजिनात गेलं." मिसिंग दाखल केली, कागद वर पाठवले आणि मी सेवेतून मुक्त झालो.

योगायोग असा की माझी मुलगी यान्बूच्याच एका रुग्णालयात रेकॉर्ड सांभाळते. पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेलो. आमच्या ठाण्याच्या हवालदारांचा फोन आला. "साहेब, ती आई रोज ठाण्यात येऊन बसते. तुम्ही तिथंच आहात, तर बघा ना काही."

अधिकार काही नव्हता. तरी हवालदारांनी दिलेल्या पत्त्यावर शुक्रवारी गेलो. युसूफबरोबर खोलीत राहणारा इसम रत्नागिरीकडचा निघाला. त्याने चहा दिला, पण नजर देत नव्हता. "मला कायच माहीत नाय," एवढंच. मी दरडावलं नाही. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो, घाबरलेला असतो. त्याच्या आईची तब्येत विचारली, गावच्या आंब्यांचं विचारलं. मग म्हटलं, "त्याची आई ठाण्याच्या बाकड्यावर बसून असते रे."

त्याचे डोळे भरले. "साहेब, तो जिझानला गेला. कफीलला, इथल्या मालकाला न सांगता, दुसऱ्याच्या कामावर. इकामा इथंच ठेवून. तिथनं पुढं कुठं गेला, माहीत नाय. मी बोललो असतो तर तो अडकला असता, आणि मीपण." गादीखालून त्याने युसूफचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, काढून दाखवला.

म्हणजे माणूस ओळखपत्राशिवाय कुठेतरी पडला होता. हातात राहिलं फक्त नाव.

इथले काही भारतीय स्वयंसेवक रुग्णालयांत सापडलेल्या, नातेवाईक नसलेल्या कामगारांची यादी ठेवतात. मुलीने ती मागवली. हजारो ओळी, पंचवीस जणांनी टाइप केलेल्या. नुसतं नाव टाकून शोधलं तर एकही नोंद नाही.

"बाबा, युसूफच किती तऱ्हांनी लिहिलाय बघा," ती म्हणाली. कुणी वायने सुरू केलेला, कुणी यूने, कुठे दोन ओ, कुठे शेवटी डबल एफ. तिने छोटासा कोड लिहिला : स्वर सोडून द्यायचे, नुसती व्यंजनं जुळवायची आणि जुळलं की तिथे आपलं स्पेलिंग घालायचं. दोन मिनिटांत पडद्यावर ओळ आली : युसूफ पेणकर, ताइफ, मृत.

ती तोंडावर हात ठेवून बसली. तेवढ्यात हवालदारांचा फोन. "साहेब, आई समोरच आहे. काही कळलं का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून काही नाही."

फोन ठेवून मुलीला विचारलं, "मूळ यादी कुठे आहे? तू हात लावायच्या आधीची?"

तिने ती उघडली. ताइफच्या माणसाचं आडनाव होतं पानकर. कोडने व्यंजनं जुळली म्हणून त्याला पेणकर करून टाकलं होतं. वडिलांचं नाव वेगळं, वय सत्तावन्न. माझा श्वास मोकळा झाला, आणि लगेच त्या परक्या पानकरांच्या घरच्यांचा विचार येऊन लाज वाटली. मुलीला म्हटलं, "ठाण्यात आम्ही नोंद खोडून वर दुसरं लिहीत नाही. चुकलं तरी मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे." तिने मान डोलावली. आता आपलं स्पेलिंग ती शेजारच्या वेगळ्या रकान्यात घालू लागली. मूळ तसंच.

दोन दिवस काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातून आलो. मुलगी गाडी इमारतीसमोर लावत होती, तर पहारेकरी धावत आला. "नो बार्किंग! नो बार्किंग!"

मी गाडीतच थांबलो. "हा प का म्हणत नाही गं?"

"अरबीत प नाहीच ना बाबा. सगळे ब..." ती थांबली. आम्ही दोघं एकदमच जिन्याकडे निघालो. गाडी तिथंच राहिली.

तिने प आणि ब एक धरायला एक ओळ वाढवली. जिझान. युसेफ बिनकर. डोक्याला मार, बोलत नाही. आणला तेव्हा जखमी माणूस नाव पुटपुटला असेल, कारकुनाने ऐकलं तसं अरबीत लिहिलं, स्वयंसेवकाने ते पुन्हा इंग्रजीत आणलं. एवढ्या प्रवासात पेणकरचा बिनकर झाला होता.

पण एकदा तोंड पोळलं होतं. जिझानच्या स्वयंसेवकाला म्हटलं, आधी डावा हात बघा. तासाभराने फोन आला. "अंकल, एक उंगली छोटी है."

मग हवालदारांना सांगितलं, आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. स्वयंसेवकाने तो खाटेशेजारी लावला तेव्हा आम्हीही फोनवर ऐकत होतो. "इसूब, अरे इसूब, मी आई बोलतंय रे." मग स्वयंसेवकाचा ओरडा : "आँख खोली! रो रहा है!"

मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. शाळेत असल्यापासून तिने असं केलं नव्हतं.

युसूफ अडीच महिन्यांनी घरी पोचला. कागदपत्रांचा त्रास झाला, पण कफील माणूस म्हणून चांगला निघाला. युसूफच्या खोलीतल्या दोस्तालाही कुणी काही केलं नाही.

या केसने मला एक गोष्ट शिकवली, तीही नोकरी संपल्यावर. आयुष्यभर मी ठाण्यात लोकांची नावं कानाला आली तशी लिहीत गेलो. बरोबर लिहिलं का, हे क्वचितच विचारलं. त्यातली किती माणसं माझ्या चुकीच्या अक्षरांमागे हरवून राहिली असतील, कोण जाणे.

मुलीने शेवटी यादीत युसूफच्या ओळीपुढच्या रकान्यात सगळी स्पेलिंगं नोंदवली आणि मला विचारलं, "बाबा, यातलं बरोबर कुठलं धरू?"

मी म्हटलं, "इसूब लिहिलंयस का?"

नव्हतं लिहिलं. तिने ते सगळ्यात वर घातलं.