अक्काचं निळं, माझं गुलाबी

अक्काला जाऊन आता सात आठवडे झाले. फोन राहुलचा आला, माझ्या भाच्याचा. दुपारची वेळ होती, मी गुलबर्ग्याच्या माझ्या घरात तुरीची डाळ निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. "जेवून आडवी झाल्ती, चहाला उठवाय गेलो तर..." आणि मी काय विचारावं? "काय जेवली होती रे?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण सख्ख्या बहिणीशी धड बोलून तीन वर्षं झाली होती, तिच्याबद्दल काहीतरी विचारायचं म्हणून तोंडातून तेवढंच निघालं. "मुगाची खिचडी," तो रडत म्हणाला.

आम्ही दोघी हुमनाबादजवळच्या दुबलगुंडी गावच्या. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती शिकून बिदरला मुलींच्या शाळेत भूगोलाची शिक्षिका झाली, मी नर्स होऊन गुलबर्ग्याला आले. तिचा तोरा शिक्षिकेचाच. चहाला आधण ठेवलं तरी वाफ कशी होते ते सांगणार, चपाती लाटताना पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे म्हणणार. "अक्का, चहा दे गं, धडा नको," असं मी कितीदा म्हणाले असेन. ती हसायची, आणि धडा पुरा करूनच कप हातात द्यायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

एका वर्षी शाळेच्या सहलीबरोबर ती उटीला गेली आणि तिथल्या माळ्याला मस्का लावून हायड्रेंजियाच्या चार फांद्या घेऊन आली. ओल्या रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून. तीन जळाल्या, एक जगली. बिदरच्या उन्हात असलं थंड हवेचं झाड कोण लावतं? पण तिनं ते न्हाणीच्या मागच्या सावलीत लावलं, उन्हाळाभर वर ओलं पोतं धरलं. तिसऱ्या वर्षी त्याला फूल आलं. फूल कसलं, नारळाएवढा गुच्छ, आणि रंग निळा. आमच्या घरांत निळ्याचं काय मोल आहे हे सांगायला नको. झेंड्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत तो आमचा रंग. पण त्या रंगाचं एवढं मोठं फूल गल्लीत कुणी बघितलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेला अक्कानं ते विहारात मूर्तीपुढं ठेवलं तेव्हा लोक मूर्तीच्या आधी फुलाकडं बघत होते. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला 'टीचरचं फूल' म्हणू लागले.

पुढं काही वर्षांनी मी निवृत्त झाले. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. दिवस उगवायचा आणि नुसता पसरून बसायचा. मी अक्काला म्हणाले, मलाही दे एक फांदी. तिनं रोप तयार केलं आणि हुमनाबादवरून बसनं, मांडीवर कुंडी घेऊन स्वतः आली. माझ्या परसात, भेगा पडणाऱ्या काळ्या मातीत आम्ही दोघींनी ते लावलं. वॉर्डातल्या अशक्त बाळासारखं मी ते सांभाळलं. कळ्या धरल्या तेव्हा तर मी विहारातल्या बायकांना आठवडाभर आधीच सांगून ठेवलं, यंदा पौर्णिमेला माझ्या घरचं निळं फूल येणार म्हणून. कळ्या हिरवट होत्या, मग पांढुरक्या झाल्या, मग... गुलाबी. उद्या निळं होईल, परवा होईल म्हणत मी वाट बघितली. पौर्णिमेला ते गुलाबीच घेऊन गेले. "निळं म्हणल्ता की ओ सिस्टर तुमी?" एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात काही नसेल. माझ्या मात्र अंगाची लाही झाली.

घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता मी अक्काला फोन लावला. "निळं तुझ्यापाशी ठिवलीस आन् मला दुसरंच झाड दिलीस. व्हय का न्हाई?"

"सुमन, आगं त्याच झाडाची फांदी हाय. तुझी माती बघ की गं. माती येगळी..."

"मला धडा शिकवू नगंस! निळं बी तुलाच, पोरगं बी तुलाच. माझ्या वाटंला कायम उरलंसुरलं!"

"कामून असं बोलायलीस गं..." एवढंच ती म्हणाली, आणि मी फोन ठेवला.

तिनं मात्र ते मनात धरलं नाही. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचाच. "काय करायलीस?" "काय न्हाई." "जेवलीस?" "व्हय." "बरी हाईस न्हवं?" "बरी हाय." मिनिटभरात संपायचं. पुढच्या वर्षी मी मोगऱ्याचं रोप आणायला नर्सरीत गेले. तिथं बोलता बोलता मी त्या फुलाचा विषय काढला. नर्सरीवाले चाचा म्हणाले, "अम्मा, काली मिट्टी में वो गुलाबीच आता. बीदर की लाल मिट्टी में लगाओ, नीला आता. झाड का क्या कसूर?" मी मोगरा न घेताच घरी आले. फोन हातात घेतला, नंबर काढला आणि परत ठेवला. मातीची चूक कबूल करणं सोपं होतं. पण पोराचं बोलले होते ते कसं परत घ्यायचं? रविवारी तिचा फोन आला की बोलू, असं ठरवलं. रविवार आला. "बरी हाईस न्हवं?" "बरी हाय." असे दोन वर्षांचे रविवार मी घालवले.

बिदरला अक्काच्या घरी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. राहुल म्हणाला, "मावशी, आईचं कपाट तूच बघ." साड्यांखाली तिची टाचणाची वही सापडली. शिक्षक तास घेण्याआधी त्याची तयारी लिहून काढतात, ते टाचण. निवृत्त होऊन इतकी वर्षं झालेली बाई टाचण काढत होती, आणि विद्यार्थिनीच्या जागी माझं नाव होतं. ठळक अक्षरात, खाली रेघ मारून.

घटक: हायड्रेंजिया. वेळ: एक तासिका. पूर्वज्ञान: आपल्याला फसवलं असं सुमनला वाटतं. उद्दिष्ट: तिचा राग जावा. साहित्य: बिदरची तांबडी माती, एक पिशवी. त्याखाली बारीक अक्षरात आशय. हे झाड मूळचं जपानकडचं. आम्लयुक्त तांबड्या मातीत ॲल्युमिनियम मुळांना मिळतं म्हणून फूल निळं, चुनखडीच्या काळ्या मातीत ते मिळत नाही म्हणून गुलाबी. पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नव्हेत, खरं फूल मधे, इवलंसं. याच कुळातल्या एका झाडाच्या पानांचा गोड चहा करून तिकडं बुद्धजयंतीला बाळ बुद्धाच्या मूर्तीवर ओततात... 'हे तिला आवडेल.' युरोपात हे फूल फुशारकीचं मानतात... 'हे तिला सांगू नये.' ते वाचून मला हसू आलं, तिच्या रिकाम्या खोलीत मी एकटीच मोठ्यानं हसले. पुढची ओळ होती, जपानमधे माफी मागायची असली की हे फूल देतात. तिच्यापुढं तिनं काहीच शेरा लिहिला नव्हता. माफी तिनं कशाची मागायची होती? ती तर मी मागायची होती.

दिनांकाची जागा कोरी होती. मी 'बरी हाय' म्हणून फोन ठेवत गेले, तिला तास घ्यायला दिवस मिळाला नाही.

वही मी घेऊन आले. शेवटी मूल्यमापन आहे, एकच प्रश्न, 'दोन्ही फुलं कोणत्या झाडाची?' खाली उत्तरासाठी तिनं दोन ओळी सोडल्या आहेत. परवा रविवारी संध्याकाळी मी पेन घेऊन बसले आणि लिहिलं, 'एकाच झाडाची, अक्का. माझं चुकलं.' अक्षर जरा वाकडं आलं आहे. तपासायला आता कुणी नाही.