तात्या गेले आणि चॅनल कामाला लागलं

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे आमच्या चॅनलमध्ये किस्से साठतात. टाकवत नाहीत, आणि कुणी विचारलं की हात घालून एक काढता येतो. सध्या कुठेही हात घाला, तात्याच निघतात!

तात्या म्हणजे आमच्या सकाळच्या गप्पांच्या शोचे निवेदक. अख्खा महाराष्ट्र त्यांच्यासोबत चहा प्यायचा. गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा अंधेरीत आमच्या ऑफिसबाहेर ट्रॅफिक जाम झाला होता. या वर्षी आमच्या मेकअप हेड सुनंदाताईंनी एका मुलाखतीत सांगितलं, मेकअप रूमचं दार लावून तात्या काय करायचे ते. मग आणखी काहीजणी बोलल्या.

ताईंची मागणी एकच. चॅनलने जाहीर सांगावं, 'आम्हाला माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो.'

तेवढं एक वाक्य सोडून चॅनलने बाकी सगळं केलं.

*

तात्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाचा स्पेशल एपिसोड तयार होता. आमचे हेड पराग सर म्हणाले, "कॅन्सल नको, फक्त टोन बदलू." प्रोमो मी लिहिते, म्हणून मला बोलावलं.

"'लाडके तात्या' मधलं 'लाडके' काढ."

"मग काय घालू, सर?"

बराच विचार करून ते म्हणाले, "'परिचित' घाल!"

*

लॉबीतला तात्यांचा हार घातलेला फोटो उतरवायचं ठरलं. ॲडमिनच्या सावंतांनी तो लगेच उतरवला. दुसऱ्या दिवशी बघते तर रिकाम्या खिळ्याला ताजा झेंडूचा हार!

"सावंत, हे काय?"

"फोटो काढूक सांगल्यानी. हार बंद करूक खंय सांगल्यानी? फुलवाल्याचा वर्षाचा काँट्रॅक्ट आसा."

मेलवर मेल गेले, पण हार काही थांबला नाही. कहर म्हणजे येणारे पाहुणे चपला काढून खिळ्याला नमस्कार करून आत यायचे.

*

मग चौकशी समिती बसली. वकील म्हणाले, नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूचंही ऐकून घ्यायला हवं. म्हणून तात्यांची खुर्ची मांडली. कँटीनवाल्याने सवयीने तिच्यापुढे त्यांची बिनसाखरेची कॉफीसुद्धा ठेवली.

अध्यक्षबाई गंभीरपणे म्हणाल्या, "थोडा वेळ वाट बघू या."

सुनंदाताई पर्स उचलत म्हणाल्या, "ते येणार असतील तर मला आधी सांगा. मी निघते!"

*

जुने एपिसोड चांगले चालत होते, ते बंद कोण करणार? एडिटरला सांगितलं, तात्या तेवढे काप. त्याने कापले. उरल्या नुसत्या पाहुण्यांच्या माना हलवण्याच्या आणि हसण्याच्या फ्रेम्स. रिकाम्या सोफ्याकडे बघून एक कवी ढसाढसा रडतोय, एक आमदार टाळ्या वाजवतोय!

तसंच दाखवलं. टीआरपी जराही हलला नाही.

पराग सर खूश. "बघा! मी म्हणत नव्हतो, आपला शो कंटेंटवर चालतो?"

*

एचआरने वर्कशॉप ठेवलं. फक्त बायकांसाठी. पुरुषांना म्हणे शूट होतं. पुण्याहून आलेली ट्रेनर आम्हाला 'नाही!' असं ठणकावून म्हणायला शिकवत होती. आम्ही सगळ्या लाजत, हसत, एकमेकींना कोपरखळ्या मारत पुटपुटत होतो. सुनंदाताईंची पाळी आली आणि त्या अशा ओरडल्या की बाहेरचा वॉचमन धावत आला.

ट्रेनर आनंदाने म्हणाली, "वा! असंच ओरडायचं!"

"असंच ओरडले होते," ताई म्हणाल्या. "बाहेर शूटिंगच्या फ्लोअरवर कुणीतरी म्युझिक मोठं केलं."

त्या दिवशी मला डबा गेला नाही. हे किस्से मी हसत सांगते खरी, पण राग येतो. अजूनही येतो.

*

शेवटी चॅनलचं अधिकृत निवेदन रेकॉर्ड करायचा दिवस उजाडला. पराग सर स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले. हेडचा मेकअप मेकअप हेडनेच करायचा, ही आमची पद्धत. म्हणजे सुनंदाताईंनीच! त्यांनी सरांचा चेहरा रंगवला.

लीगलने लिहून दिलेला मजकूर समोरच्या स्क्रीनवर होता. सरांनी तो झकास वाचला. "तात्यांच्या वागण्याबद्दल आमच्यापैकी कुणालाच, कधीच, काहीही माहीत नव्हतं!"

टेक चांगला झाला, पण लाइटमुळे सरांचं कपाळ चमकत होतं. सर कॅमेरामनला म्हणाले, "कट नको करूस, चालू ठेव. लगेच दुसरा घेऊ."

ताईंनी बॉक्स चाळला. "पावडर तात्यांच्या मेकअप रूममध्ये राहिली वाटतं."

"थांबा ताई, मी आणते," म्हणत मी उठले.

सर स्क्रीनवरचा मजकूर पुन्हा मनातल्या मनात वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "एकटी नको जाऊस गं तिकडे. कुणाला तरी सोबत घेऊन जा."

सुनंदाताईंनी हातातला पफ खाली ठेवला आणि कॅमेरामनकडे वळल्या.

"कॅमेरा चालू होता का रे?"

"होता, ताई."