तिसरा पहारेकरी

कुलूपवाल्याला सगळी गल्ली चुळबुळे म्हणे, आणि हे नाव त्याचं पाळण्यातच ठेवायला हवं होतं. माणूस बसला तरी बोटं बसत नसत. टेबलाचा स्क्रू पिळ, पंख्याचं बटण दाब, शेजाऱ्याच्या दाराची बिजागरी हलवून बघ. बायको शहाणी. त्याच्या बोटांना खाज सुटली की ती न बोलता एखादं गंजलेलं कुलूप त्याच्या हातात ठेवी. तेवढा वेळ बाकीचं घर सुखरूप.

दाराला तीन कुलपं. एका कुलपावर भरवसा ठेवणारा तो चोराचा मेहुणा, असं तो गिऱ्हाइकांना बजावी. आणि हेही सांगे, की जादा किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगायची असेल, तर कुलूप घेताच कशाला?

बायको पडद्यांवर भरतकाम करी. तिची सगळी नक्षी घरच्या संगणकात. नाट्यगृहाचा मोठा पडदा अर्धा भरून झाला होता, उरलेल्या अर्ध्याच्या वेली अजून संगणकातच होत्या. नवऱ्याचा किल्लीचा उपदेश मात्र तिने मनावर घेतलेला. नक्षीची नक्कल ती एका डिस्कवर काढी, डिस्क उपसून बटणांच्या डब्यात ठेवी.

एकदा संगणक जरा रेंगाळायला लागला. अँटिव्हायरस होता, तरी चुळबुळ्याने आणखी एक टाकला. दाराला तीन, मग याने काय घोडं मारलंय? झालं, एका दारात दोन पहारेकरी, आणि दोघांनाही दुसराच चोर वाटे. संगणक पार कुंथायला लागला. मग एका सकाळी स्क्रीनवर लाल चौकट उगवली: संगणक आजारी आहे, हा पहारेकरी फुकट घ्या. बोट पुढे गेलं, डोकं मागून पोचलं.

तिसरा पहारेकरी हाच खरा चोर. दुपारी बायको कामाला बसली तर एक फाइल उघडेल तर शपथ. पैसे भरा मग उघडतो, अशी पाटी समोर. जन्मभर लोकांची कुलपं उघडणाऱ्याच्या घरातच, ज्याला किल्लीचं भोकसुद्धा नाही असं कुलूप लागलं.

दवाखान्यातले संगणक सांभाळणारी लेक फोनवर आधी त्याला नेटची वायर उपटायला लावून मग म्हणाली, "बाबा, पैसे भरायचे नाहीत. आणि मी येईपर्यंत आईची डिस्क लावायची नाही. लावलीत तर तीही जाईल."

कुलूपवाल्याची नजर बटणांच्या डब्याकडे गेली. त्या चौकटीच्या आधी डब्यातून डिस्क काढल्याचं त्याला आठवत होतं. पुढे ती लावली का? बोटांनी केलेली कामं डोक्याला कधी कळली होती म्हणून!

तो उठला. बसला. डब्याकडे गेला. एकदाच लावून बघू, म्हणजे जिवाला घोर नाही, असं पुटपुटला. बायकोने डबा मांडीवर ओढला आणि त्याच्या हातात एक अडलेलं कुलूप दिलं.

लेक आली, तिने संगणक मुळापासून पुसला, सगळं नव्याने घातलं. एकच अँटिव्हायरस ठेवला, तो ताजा केला. सगळे पासवर्ड तिने स्वतःच्या फोनवरून बदलले. कुलूपवाला तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होता. शेवटी तिने डिस्क लावली, आधी तपासली, मग फाइलवर टिचकी दिली.

वेली उघडल्या. पानापानासकट.

"मग सकाळी मी ती लावली नव्हती तर," त्याने श्वास सोडला.

"लावायला निघाला होतात," बायको म्हणाली. "मी हातातून डिस्क काढून घेतली आणि कुलूप दिलं. तुम्हाला पत्ता नाही."

लेक खुदकन हसली. बायकोने डिस्क उपसली, डब्यात घातली, आणि डब्याला नवंकोरं कुलूप ठोकून किल्ली कमरेला खोचली.

"अगं, मी कुलूपवाला आहे," तो दुखावून म्हणाला. "हे तर मी डोळे मिटून उघडीन."

"उघडा की. पण उद्यापासून गल्लीत मीच सांगेन, की यांच्या दुकानातलं कुलूप घेऊ नका, फार सहज उघडतं."

तो डब्याकडे बघत राहिला. बोटं वळवळली. मग ते हात त्याने स्वतःच्याच काखेत दडवले, आणि पडदा भरून होईपर्यंत डब्याच्या वाटेला गेला नाही.