उज्वलाताईंनी दिलेला गुळवेलीचा वेल

आमच्या उज्वलाताईंना कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाता येत नाही. काम काय, तर रुग्णांचं रक्त काढून आणायचं! तरी पिशवीत कधी कढीपत्ता, कधी शेवग्याच्या शेंगा. गंगापूर रोडवरच्या लॅबमध्ये मी यंत्रावर बसतो आणि त्या स्कूटीवर. बडबड मात्र दोघांच्या वाटची त्या एकट्याच करतात.

सध्या आम्ही टीबीच्या गोळ्यांनी यकृताला इजा होते का, ते पाहतोय. अन्न, औषध पचताना शरीरात बारीकसारीक रसायनं तयार होतात. रक्तातल्या अशा शेकडो रसायनांचे आकडे यंत्र एकदम देतं. यकृत कुरकुरू लागलं की नेहमीच्या तपासणीआधी हे आकडे बिघडतात, असा डॉक्टरांचा अंदाज.

द्वारका चौकाजवळ राहणाऱ्या आमच्या रुग्ण आक्काबाईंचे आकडे बिघडले. डॉक्टर म्हणाले, वाढतच गेले तर गोळ्या थांबवाव्या लागतील. म्हणजे चार महिने निमूट गिळलेला कोर्स तुटणार आणि टीबी पुन्हा डोकं वर काढणार. उज्वलाताईंना त्या दिवशी डबा गेला नाही. फॉर्मवर त्यांच्याच अक्षरात होतं, ‘इतर औषधे : नाहीत.’

पुन्हा विचारायला त्या निघाल्या, मलाही मागे बसवून.

“मावशी, दुसरं काही औषध घेता?”

“नाय गं बाई. सकाळी काढा, मग तुमच्या गोळ्या.”

“कसला काढा?”

“गुळवेलीचा. त्यो काय औषध हाय व्हय? तूच नाय का वेल आणून लावलास? लय फोफावलाय बघ!”

खिडकीतल्या तेलाच्या डब्यातून वेल पार पत्र्यावर चढला होता. उज्वलाताई गप्प झाल्या. खरं सांगतो, मला भीतीच वाटली, कारण गप्प उज्वलाताई मी कधी पाहिल्या नव्हत्या.

गुळवेलीनंही कुणाकुणाचं यकृत दुखावतं, म्हणून डॉक्टरांनी काढा बंद केला आणि दर आठवड्याला तपासणी लावली. ताईंनी स्वतः जाऊन वेल उपटला आणि फॉर्मवर खाली लिहिलं, ‘गुळवेलीचा काढा, अडीच महिने. वेल मीच दिला होता.’ पुढे सही.

तिसऱ्या आठवड्यात आकडे उतरले. गोळ्या चालूच राहिल्या. आम्ही सांगायला गेलो, तेव्हा ताईंच्या हातात पिशवी नव्हती.

“मावशी, चूक माझी होती.”

“तूच लावलास, तूच उपटलास. झालं की!” आक्काबाईंनी फळीवरचा पेरू काढून ताईंच्या हातात कोंबला. “रिकाम्या हातानं जाऊ नको.”

उज्वलाताई तिथंच रडल्या.