माशांना डोळे फुटले

"तुमच्या माशांना डोळे आहेत!" खालापूरच्या कॉलेजातले जाधव सर भरवर्गात माझ्यावर ओरडले. "ही सरळ फसवणूक आहे."

मी कर्जतला चिलटं, म्हणजे फळमाशा पाळतो. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती. कॉलेजांना प्रयोगासाठी विकतो. सरांना 'आयलेस' जात हवी होती, म्हणजे एका जीनमधल्या बिघाडामुळे डोळेच नसलेली. मी मायक्रोस्कोपमधून पाहिलं. एकजात लालबुंद डोळे माझ्याकडे बघत होते.

"बिघाड आत तसाच आहे, सर."

"मग डोळे काय मी बसवले?"

पोरं हसली. माझं डोकं फिरलं.

जीन एकटा काही ठरवत नाही. आजूबाजूचे दुसरे जीन त्याचा परिणाम कमीजास्त करतात. त्यांना मॉडिफायर म्हणतात. माझा स्टॉक वर्षानुवर्षं बंद बाटल्यांत वाढलेला. जिला थोडा तरी डोळा, तिची पिलावळ जास्त. तसे मदत करणारे मॉडिफायर साठत गेले. बिघाड राहिला, डोळे परत आले.

सरांनी हे ऐकून घेतलं. "परीक्षेला आंधळ्या माशा द्या. नाहीतर दुसरा पुरवठादार बघतो."

"देतो. पण फसवणूक हा शब्द याच वर्गासमोर मागे घ्यायचा."

"आधी माशा."

उपाय म्हणजे बाहेरच्या चिलटांशी संकर. त्यानं साठलेले मॉडिफायर विखुरतात. स्टेशनबाहेर जांभळं विकणाऱ्या सुगंधामावशीच्या पाटीवर मी बाटली धरली.

"काय करतंस रं?"

"तुमची चिलटं हवीत, मावशी."

"गिऱ्हाइकासमोर माज्या मालाला चिलटं हायत म्हनतोस?" तिनं बाटलीच हिसकावली. "मोठ्यानं सांग, तुजी हायत."

घासाघीस करून पाहिली. बाई हलेना. शेवटी भर रस्त्यात ओरडलो, "चिलटं माझी आहेत! मावशीची जांभळं स्वच्छ आहेत!" तेव्हा कुठे चिलटांसकट बाटली परत मिळाली.

संकराच्या पहिल्या पिढीत सगळ्यांना डोळे. बाहेरच्या बापाचा धड जीन वरचढ ठरला होता. सरांचे फोन सुरू झाले. मी तीच भावंडं आपसात जुळवली. त्यांच्या पिलांत ज्यांना आईबाप दोघांकडून बिघाड मिळाला, त्यांतली काही अगदी सपाट तोंडाची, बिनडोळ्यांची निघाली. तेवढी वेचून परीक्षेआधी पोचवली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग वर्गाकडे वळले. "यांच्या माशा आता ठीक आहेत."

तो 'आता' मला अजून टोचतो. मावशीनं माझ्याकडून अख्खं वाक्य वसूल केलं होतं.

हल्ली माझ्या प्रत्येक बाटलीच्या लेबलवर छापलेलं असतं: पुढील पिढ्यांना डोळे आल्यास आम्ही जबाबदार नाही.